छत उघडणारी गाडी

आमच्या गल्लीतला जुन्या गाड्यांचा दलाल मेंढरं राखणाऱ्या घरातला. गाडीच्याही पाठीवर तो आधी थाप मारतो, मग वाकून पाय बघतो.

मला वेरूळला बहिणीकडं एकटीनं गाडी चालवत जायचं होतं. त्यानं दोन दाखवल्या. एक अलीकडची पण साधी. दुसरी जुनी, पण मऊ गाद्यांची, छत उघडणारी. मी छतालाच भुलले.

"आजी, ती घाटात बंद पडंल."

मी म्हटलं, "अरे, विसाव्या वर्षी मी येडीनं नुसता गॉगल बघून नवरा पसंत केला होता."

"मग, कसा निघाला?"

"बरा निघाला. पण ढकलावा लई लागला."

त्यानं जुनीची किल्ली खिशात टाकली आणि साधीची माझ्या हातात ठेवली.

"बरं, हीच घेते," मी म्हटलं. "पण त्या गॉगलवालीतून मला एक चक्कर तर फिरवून आण."