रंगाऱ्याचा सहा थरांचा केक

रंगाऱ्याच्या नखांतून पांढरा रंग निघायला पाच महिने लागले. मनातून निघायचा तेव्हा निघेल. एकतीस वर्षं त्या हातांनी घरं रंगवली, शाळा रंगवल्या, दवाखाने रंगवले, आणि एका हौशी म्हातारीच्या हट्टापायी एकदा तिच्या खुराड्यालासुद्धा निळा रंग दिला. कोंबड्या दोन दिवस आत जायला तयार नव्हत्या. मग खोकला लागला. खोकला म्हणजे असा, की हा वर खोकला की खाली शिडी धरणारा घाबरायचा.

डॉक्टरणीने छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाली, "रंगाचा डबा उघडायचा नाही. दुसऱ्याने उघडला तर त्या खोलीत थांबायचं नाही."

"आणि नुसता चुना?"

"चुना तर नाहीच नाही."

"मग मी करू काय?"

"ते या फोटोत दिसत नाही," डॉक्टरीण म्हणाली. बाई वाईट नव्हती. बाहेर माणसं ताटकळत होती, एवढंच.

तेव्हापासून गडी घरी. बायको सकाळी आठला कपड्यांच्या कारखान्यात जायची. तिथे ती दिवसभर शर्टांना कॉलर लावायची. ती परत येईपर्यंत हा घरातल्या भिंतींकडे बघत बसायचा, आणि भिंतीही ओळख असल्यासारख्या याच्याकडे बघायच्या. काम मागायला तीन ठिकाणी जाऊन आला. रखवालदाराच्या जागेसाठी गेला तर बोलता बोलता उबळ आली, आणि साहेबच दोन पावलं मागे सरकला. मग हा घरातल्याच वस्तू सरळ करत सुटला. फोटो सरळ, फळ्या सरळ, मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे.

"अहो, तुम्ही आज सरळ केलेलं मी उद्या शोधत बसते," बायको म्हणायची. "मीठ सापडेना म्हणून काल आमटी अळणी झाली."

"डब्यांची रांग तरी बघ की!"

"रांग काय आमटीत घालू?"

एका रविवारी बायकोची धाकटी बहीण घरी आली. तिचं केकचं दुकान होतं. दुकान छोटं, पण तिथे तिचा शब्द मोठा. क्रीम लावणारी तिची जुनी बाई नवऱ्याच्या बदलीच्या गावी निघून गेली होती, आणि नव्या आलेल्या दोघी केकला क्रीम लावतात की जखमेला मलम तेच कळत नाही, अशी तिची तक्रार चालू होती. बोलता बोलता ती थांबली. समोर रंगारी तिच्यासाठी पावाला लोणी लावत होता. सुरी एकदाच टेकवली, एका ओढीत या कडेपासून त्या कडेपर्यंत नेली. पाव फाटला नाही, लोणी कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही.

"दाजी, हे लोणी लावताय की भिंतीच्या भेगांत लांबी भरताय?"

"पस्तिशीच्या पुढच्या बाईने एवढं लोणी खाऊ नये, म्हणून पातळ लावतोय."

"ताई, यांना आवर," ती म्हणाली. पण पाव उचलून तिने उजेडाकडे धरला, कडेकडेने फिरवून बघितला. मग म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी सगळे माझ्या गच्चीवर जमतोय. सुट्टीचं जेवण. दरवर्षी केक मी करते. या वर्षी तुम्ही करा. थंड केक, थरांचा, रंगीत. पस्तीस माणसं धरा."

रंगारी हसला. ती हसली नाही.

"कापल्यावर तुकडा ताटलीत उभा राहिला, तर सोमवारपासून दुकानात या. आडवा झाला, तर मी तुमची मेव्हणी आणि तुम्ही माझे दाजी, तेवढंच बरं. घरच्या माणसाला कामावरून काढता येत नाही. म्हणून घेतानाच बघून घ्यायचं."

तिने एका कागदाच्या पाठीवर कृती लिहून दिली. जेमतेम आठ ओळी. शेवटची ओळ अशी: एक थर धरला की पुढचा ओतायचा. "फोन करून विचारायचं नाही," असं जिन्यावरून बजावून ती गेली.

दार लावून बायको म्हणाली, "तिला हो म्हणालात. कधी अंडं उकडलंय का तुम्ही?"

"अंड्याला थर नसतात," रंगारी म्हणाला. पण त्या दिवशी त्याला जेवण नीट गेलं नाही. कामाला बोलावणं आलं होतं, आणि तेही हाताचं काम बघून. असं दुसऱ्यांदा कोण बोलावणार होतं?

शुक्रवारी सकाळी बायको कामावर गेल्यावर त्याने पसारा मांडला. जेलीची पाकिटं, दुधाचे डबे, क्रीम, द्राक्षं, संत्री, स्ट्रॉबेरी. खालचा स्पंज केक बायकोने आदल्या दिवशी भाजून दिला होता. तेवढ्या मदतीला धाकटीची हरकत नव्हती. कागद लावलेल्या मोठ्या चौकोनी डब्यात त्याने स्पंज बसवला. जेली थेट त्यावर ओतली तर स्पंज ती पिऊन टाकणार, हे त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. नवी भिंतही पहिला रंग अशीच पिते. म्हणून आधी क्रीमचा एक हात दिला. भिंतीला लांबी लावायची पट्टी नवी कोरी आणली होती, तीही दोनदा उकळून घेतली होती. क्रीम असं बसलं, की वर माशी आली असती तर घसरली असती.

मग फ्रिज. आतल्या फळीवर त्याने पातळी बघायची पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला. "वा रे वा," रंगारी फ्रिजला म्हणाला, "चौदा वर्षं वाकडा उभा आहेस आणि बोलला नाहीस." एका पायाखाली पुठ्ठ्याच्या दोन घड्या सरकवल्यावर बुडबुडा मधोमध आला.

पाकिटातला लाल त्याला पसंत पडेना. फारच आरडाओरडा करणारा लाल. त्याने त्यात जांभळ्या जेलीचे चार चमचे घातले, पांढऱ्या बशीवर थेंब टाकून बघितला, आणखी एक चमचा घातला. आता पिकल्या फळाचा लाल झाला. तो ओतला. त्यावर घट्ट दुधात बिनरंगाची जेली घालून केलेला पांढरा, त्यावर संत्र्याच्या रसातल्या जेलीचा पिवळा. दिवसभरात तीनच थर, कारण गड्याने घाई केली नाही. पहिला हात पुरता सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हा त्याचा एकतीस वर्षांचा नेम. या नेमासाठी त्याने घरमालकांशी भांडणं केली होती, एका लग्नघरी तर वधूच्या बापाला शिडीखालून हाकललं होतं. प्रत्येक थर दोन-अडीच तास थंड केला. वर बोट फिरवलं तर काचेसारखं लागलं पाहिजे, मगच पुढचा. उरलेलं एका वाटीत त्याच क्रमाने लावून ठेवलं, बायकोला चव बघायला.

शनिवारी बायकोला सुट्टी. दहाच्या सुमाराला ती चमचा घेऊन वाटीपाशी बसली. चमचा घातला, तर पिवळी चकती सरकून वाटीच्या काठावर येऊन बसली. मग पांढरी निघाली. मग लाल.

"चव छान आहे हो," ती म्हणाली. "पण हे एकमेकांना धरून का नाहीत?"

रंगारी जागेवरून उठला. वाटी हातात घेतली, वाकडी केली. तिन्ही चकत्या ओल्या साबणासारख्या वेगवेगळ्या घसरल्या. मग त्याने फ्रिज उघडला आणि मोठ्या डब्याचा एक कोपरा पट्टीने हलकेच उचलला. पिवळा थर पोपड्यासारखा सुटून वर आला. खाली पांढरा तसाच कोरडा, गुळगुळीत.

तो खाली फरशीवरच बसला.

"फोन लावू का तिला?" बायको म्हणाली.

"लाव. म्हणजे सोमवारी मी इथेच बसलेला असेन, याच फरशीवर."

"मग नवीन करायला घ्या. साडेदहाच तर होतायत."

"सहा थर? सातला कापायचाय." तो खोकला, बराच वेळ खोकला. बायको पाठीवर हात ठेवून उभी राहिली. या वेळी बोललेलं त्याला चालत नाही, हे तिला माहीत होतं.

उबळ थांबली तरी त्याची नजर वाटीवरच होती. पोपडे. पोपडे कुठे सुटतात? ओल आलेल्या भिंतीवर सुटतात, तसे तुळतुळीत भिंतीवरही सुटतात. कुणीतरी आधी चकचकीत तेलरंग दिलेला असतो, त्यावर घाई करून नवा हात मारला, की महिन्यात सुटून येतो. त्याला आपण काय करतो? पॉलिश पेपर मारतो. खरखरीत करतो, म्हणजे रंगाला धरायला जागा मिळते.

"म्हणजे मी सुकवलं जास्त," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि घासलं नाही."

"काय घासलं नाही?"

"काटा दे. खायचा काटा. आणि तो नवा ब्रश, न वापरलेला. आणि हात धुऊन इकडे ये."

पुढचा तासभर दोघं त्या डब्यावर वाकले होते. कागद सोडवून, एका बाजूने पट्टी आणि एका बाजूने कलथा घालून, त्यांनी पिवळा थर उचलून ताटावर घेतला, मग पांढरा. रंगाऱ्याने लाल थरावर काट्याने बारीक रेघा ओढल्या, आधी उभ्या, मग आडव्या. वर पातळ जेलीचा कोमट हात ब्रशने फिरवला. पांढरा जागेवर बसवला. त्यावर पुन्हा रेघा, पुन्हा ब्रश. पिवळा उचलला, डब्यावर आणला, आणि नेमकी उबळ आली.

"धर, धर!" एवढंच तो म्हणू शकला. बायकोने तिची बाजू धरली. याची निसटली. पिवळा थर मधोमध मोडला.

मग रंगाऱ्याने तोंड पुसलं, हात पुन्हा धुतले आणि दोन्ही तुकडे शेजारी शेजारी बसवून मधल्या फटीत पातळ जेली भरली. भिंतीतली भेग भरतात तशी, दाबून, वरचं निपटून.

"दिसेल का हो?"

"बघणाऱ्याला दिसेल."

उरलेल्या तीन थरांना त्याने नेम मोडला. चाळीस-पन्नास मिनिटांनी बोट टेकवून बघायचा: बोटाला चिकटलं पाहिजे, पण बोटाबरोबर यायला नको. तसं झालं, की पुढचा ओतायचा. दुसऱ्या पांढऱ्यानंतर जांभळा, आणि शेवटी बिनरंगाच्या जेलीत फळं. द्राक्षं अर्धी करून, स्ट्रॉबेरीच्या चकत्या, संत्र्याच्या सोललेल्या फोडी. अर्धा ओला थर बघून त्याचे हात शिवशिवत होते. आयुष्यात पहिल्यांदा तो ओल्यावर दुसरा हात देत होता. अडीचला शेवटचा थर पडला. सहा वाजता डबा बर्फाच्या पेटीत घालून दोघं निघाले. रिक्षावाल्याला रंगाऱ्याने तीनदा सांगितलं, की खड्डा आला तर आधी सांग. तिसऱ्यांदा रिक्षावाला म्हणाला, "मालक, आत बाळंतीण आहे का?"

गच्चीवर दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. पोरं पाण्याच्या फुग्यांनी भिजून आली होती. थोरले मेव्हणे टरबूज कापता कापता गोष्ट सांगत होते, आणि ना टरबूज संपत होतं ना गोष्ट. धाकटीने डबा मोठ्या ताटावर उलटवून केक काढला, दुसरं ताट लावून तो पुन्हा सुलटा केला, कागद सोडवला. खाली स्पंज, वर लाल, पांढरा, पिवळा, पांढरा, जांभळा, आणि सगळ्यात वर काचेखाली ठेवल्यासारखी फळं.

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं, "हे कापायचं?"

"त्यासाठीच आणलंय," धाकटी म्हणाली. सुरी गरम पाण्यात बुडवली, पुसली, आणि मधोमध उतरवली. पहिला तुकडा काढून ताटलीत ठेवला. उभा राहिला. तिने ताटली वाकडी केली. तुकडा थरथरला, पण कुठला थर कुठे गेला नाही. तिने ताटली आणखी वाकडी केली.

"पडत नाही गं," थोरले मेव्हणे म्हणाले. "दाजींसारखाच चिवट दिसतोय."

सगळे हसले. रंगारी हसला नाही. धाकटीने चष्मा खाली ओढला होता.

"हा पिवळ्यात जोड कसला?"

रंगारी म्हणाला, "मोडला होता. खोकला आला."

"मोडला? म्हणजे उचलला होतात?"

मग त्याने सगळं सांगितलं. जास्त सुकवलं, सुटून आलं, काट्याने घासून पुन्हा बसवलं. धाकटी ऐकत ऐकत थरांच्या मधल्या बारीक रेघा बघत होती.

"घासायचं कुणी सांगितलं?"

"सांगणार कोण? तुळतुळीतावर काही धरत नाही."

"हे कळायला मी चार केक कचऱ्यात टाकले होते," ती म्हणाली. "सोमवारी सातला या. खोकला आला की आधी मागे व्हायचं, तोंडाला फडकं बांधायचं. आणि लाल असला मरगळलेला चालणार नाही. गिऱ्हाइकाला लांबून दिसला पाहिजे."

"मरगळलेला?" रंगाऱ्याचा आवाज चढला. "तो पिकलेला लाल आहे! तुझा पाकिटातला लाल म्हणजे मालगाडीचा मागचा दिवा."

"लोकांना तोच लागतो."

"लोकांना दुसरा दाखवलायस कधी?"

"ताई, हे पहिल्या दिवसाआधीच भांडतायत!"

"एकतीस वर्षं मी ऐकलं," बायको केक खात म्हणाली, "आता तू ऐक."

"बरं, सोमवारी काय आहे?" रंगाऱ्याने विचारलं.

"वाढदिवस. तीन थर, पिवळा आणि पांढरा."

"कुठे ठेवणार केक? मागची भिंत कुठल्या रंगाची?"

"भिंतीचं काय करायचंय तुम्हाला? भिंती सुटल्या ना तुमच्या!"

"पिवळ्या भिंतीपुढे पिवळा केक ठेवलास, तर तो दिसणार कुणाला?"

धाकटीने त्याच्याकडे बघितलं, मग ताटातल्या जांभळ्या थराकडे. हाताला लागलेलं क्रीम पुसून तिने फोन काढला आणि गोंगाटापासून दूर, पाण्याच्या टाकीपाशी गेली.

"हॅलो, मी केकवाली बोलतेय. जरा विचित्र वाटेल, पण तुमच्या हॉलची भिंत कुठल्या रंगाची आहे हो?"

रंगारी तिच्या मागोमाग जाऊन उभा राहिला. "आणि दिवा पांढरा की पिवळा तेही विचार," तो हळूच म्हणाला.