रविवारची कविता
खडूचा वास आला की वराळ्यातल्या विहाराबाहेरचा फळा आठवतो. दर रविवारी आठच्या आत त्यावर नवी कविता लिहायची, असं मी स्वतःलाच बजावलं होतं. एका रविवारी काहीच सुचेना, म्हणून फळा नुसता पुसून मी निघालो. तेवढ्यात शेजारच्या मावशी चष्मा सावरत आल्या. त्या नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. "आज लिवलं न्हाईस व्हय? मी भातलावणी सोडून आले की!" मी ओशाळलो, पायरीवर बसलो आणि त्यांच्या चिखलानं माखलेल्या पायांबद्दल चार ओळी लिहिल्या. मावशींनी अक्षर अक्षर जुळवत त्या मोठ्यानं वाचल्या. "ही तर माजीच कविता हाय!" म्हणून हसल्या. त्यानंतर एकही रविवार मी चुकवला नाही, हे आजही ताठ मानेनं सांगतो.