मुठीवाल्या बाई

शिकवणीला बाई मिटलेली मूठ घेऊनच यायच्या. मुठीत कधी चिंचेची गोळी असे, कधी काहीच नसे. आम्ही पुस्तक उघडून मुठीकडे बघत बसायचो, म्हणून आमच्या नंदुरबारच्या गल्लीत त्या मुठीवाल्या बाई झाल्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. संध्याकाळी ओट्यावर आम्हा इंग्रजी शाळेतल्या मुलांना आमचंच पुस्तक अर्ध्या मराठीत, अर्ध्या अहिराणीत समजावत.

एकदा त्यांनी आठवडाभर रोज गोळी दिली. शनिवारपर्यंत मुठीकडे कुणी ढुंकूनही बघेना. बाई खूश!

"मेंदूमा एक ढोलवाला शे," त्या म्हणाल्या. "गोळी जिभेवर ठेवली की तो वाजवतो, असं वाटस ना तुमले? तो तर मूठ दिसली की सुरू होतो. अचानक मिळालं तर जोरात. ठरलेलं मिळालं तर हात उचलत नाही. अन् कबूल करून दिलं नाही, तर एकदम गप."

त्या ढोलाचं खरं नाव डोपामाइन आणि 'पुन्हा कर' हा त्याचा निरोप, हेही बाईंनीच सांगितलं; मला ते कॉलेजात नव्याने शिकावं लागलं नाही.

मी मात्र तिथे तोंड उघडत नसे. प्रश्न ओठांपर्यंत येत आणि परत जात. कदाचित माझ्यासारख्यांसाठीच बाईंनी जाहीर केलं, प्रश्नाला एक गोळी. माझ्या शेजारची कोमल लगेच सुरू झाली.

"बाई, सूर्य गरम का? चंद्र थंड का? झाले दोन!"

"अन् उत्तर कधी ऐकशी वं?"

"आधी गोळ्या द्या ना, बाई."

मग सगळेच असे विचारू लागले. उत्तरासाठी थांबायला कुणाला सवड नव्हती. बाईंनी गोळ्या बंद केल्या. "चूक मन्हीच शे. प्रश्नाची गोडी होती, मी तिला गोळीची सवय लावली."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर कुणीच काही विचारेना. बाईंचा चेहरा उतरला. तेव्हा मी विचारलं, "बाई, काही मिळणार नाही, तरी मला विचारावंसं का वाटतंय?"

आवाज इतका बारीक, की कोमल "काय?" म्हणाली. बाईंनी ऐकलं होतं. चष्मा काढून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "माले पुरतं माहीत नही, बेटा. कळणं हेच डोक्याला गोड लागत असेल. आखो इचार, आणखी विचार."

गेल्या वर्षी त्यांना भेटायला सुरतला, त्यांच्या मुलाकडे गेले. बाईंना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स झालाय. या आजारात मेंदूतलं डोपामाइनच कमी पडतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. हात थरथरत होता, चेहरा हलत नव्हता. घरातले विचारत होते ते एवढंच : औषध घेतलं? जेवलात? बाई नुसती मान हलवत. आता त्यांना कशाचंच कुतूहल उरलं नसेल, या भीतीने मी निघायची वेळ होईपर्यंत गप्प बसले.

मग विचारलं, "बाई, आतून कसं वाटतं?"

सूनबाईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं. बाईंना शब्द जुळवायला वेळ लागला.

"चहा गोड लागस. पहिल्यासारखाच. पण चहा हवा, असं वाटतच नही. म्हणजे आवडणं अन् हवंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी शेत! पुस्तकात वाचलं होतं, पटलं नव्हतं."

मी घड्याळाकडे पाहिलं; परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. बाईंनी ते टिपलं.

"हिले नंतरनी गाडीनं जाऊ दे," त्या सुनेला म्हणाल्या. "आमनं बोलणं चालू शे आजून."