कॅल्क्युलसचे अर्धे पुस्तक

५ ऑगस्ट १९९६. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या एका तांड्यात माणसे दोनशे अठरा. त्यांतली बारावीच्या पुढे गेलेली एक. हिंगोलीच्या महाविद्यालयात बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या गणिताच्या वर्गात विद्यार्थी चौसष्ट. त्यांत मुली सहा. तांड्यातली ती एक या सहांमध्ये होती. तिचे नाव मिना पेमा राठोड.

तिच्या शेजारी ज्योती खिल्लारे बसे. ज्योतीचे वडील सोनाजी मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळदीची पोती वाहत. आई चतुराबाई निंदणी-खुरपणीला जाई आणि सवड मिळाली की लोकांच्या गोधड्या शिवून देई. दोघी मुली बारावीत सूत्रे पाठ करून पुढे आल्या होत्या. इथे मात्र तोच विषय पहिल्यापासून, कारणांसकट सुरू झाला होता. सूत्र कुठून आले हे विचारले जाऊ लागले आणि निम्मा वर्ग गप्प झाला. ज्योती त्या गप्प झालेल्यांत होती.

मिना मात्र बोलू लागली. गोरेगावहून रोज जीपने येणारी ही मुलगी एका सकाळी उभी राहून सरांना म्हणाली, की वळणावर जीप नेमकी ज्या क्षणी असते त्या क्षणाचा वेग कसा काढायचा, क्षणात तर ती हलतच नाही. वर्ग हसला. सरांनी खडू खाली ठेवला. या प्रश्नाने मोठमोठ्या माणसांची झोप उडवली होती, आता तुमची उडू द्या, असे ते वर्गाला म्हणाले. ज्योतीला मैत्रिणीचा अभिमान वाटला. त्या अभिमानाखाली आणखी काहीतरी होते, त्याला तिने तेव्हा नाव दिले नाही.

पुस्तके महाविद्यालयाच्या पुस्तकपेढीतून मिळत; मागासवर्गीय विद्यार्थ्यांना दोघांत एक संच. कॅल्क्युलसचे पुस्तक जाडजूड होते आणि मिनाला रोज संध्याकाळी तांड्यावर परतायचे असे. आठवडा तुझा, आठवडा माझा, हे जमेना. शेवटी चतुराबाईने पुस्तकाची शिवण उसवली. अवकलनाचा पहिला भाग आणि संकलनाचा दुसरा भाग तिने दाभणाने वेगवेगळे शिवले, सिमेंटच्या पिशवीच्या कागदाची वेष्टने घातली आणि वर्षाअखेर असे जोडून देईन की ग्रंथपालालाही कळणार नाही, असे सांगितले. हलके झालेले भाग दोघी आपसांत बदलून घेत. चतुराबाईने शब्द पाळला. पुस्तकाबाबत शेषराव ग्रंथपालांनी कधी तक्रार केली नाही.

ऑक्टोबरच्या चाचणीत पहिली तीनच प्रकरणे होती. मिनाला चाळीसपैकी तेहतीस गुण मिळाले, ज्योतीला नऊ. नापास झाल्यास शिष्यवृत्ती थांबत असे, आणि ती थांबली तर घरी बसावे लागेल हे सोनाजीने न रागावता, हिशेबी शांतपणे मुलीला सांगितले होते. त्या महिन्यात ज्योतीची भूक गेली.

दिवाळीनंतर मिनाच्या आईचा, शकुंतलाबाईचा, उजवा हात मनगटात मोडला. ऊसतोडीत कोयता म्हणजे दोन माणसे, एक तोडणारा आणि एक मोळ्या बांधणारा. मिनाचे वडील पेमा यांनी टोळीला शब्द दिला होता, त्यामुळे बायकोच्या जागी मुलगी उभी राहणार हे ठरून गेले. पेमा कठोर माणूस नव्हता. परीक्षेचा अर्ज त्याने स्वतः भरून घेतला आणि फेब्रुवारीअखेर परत आणतो असे कबूल केले. भाऊबंद मुलीच्या लग्नासाठी त्याच्या मागे लागले होते. त्यांना त्याने सांगितले की पोरगी यंदा पास झाली तर पुढे शिकेल, नापास झाली तर माझे काही म्हणणे उरणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मिना ज्योतीच्या दारात आली.

"पहिला भाग दे मला. तिकडं एकटीलाच वाचायचंय, सुरुवातीपासून वाचीन."

पहिला भाग ज्योतीच्या मांडीवर होता. वर्गात अजून अवकलनच चालू होते, संकलन जानेवारीशिवाय सुरू होणार नव्हते.

"माझे दोन प्रकरणं राहिलेत," ज्योती म्हणाली. "तू दुसरा ने. पंधरा दिवसांत हा पोस्टानं पाठवते."

"काहून एवढी कवटाळून राहिली? लगीन लावलं का काय त्याच्याशी?"

दोघी हसल्या. मिना दुसरा भाग घेऊन गेली.

डिसेंबरात तिचे पोस्टकार्ड आले. कारखान्याचे गाव, टोळीच्या मुकादमाचे नाव, पिनकोड, सारे सुवाच्य लिहिले होते. ज्योतीने ते कार्ड पहिल्याच भागात खुणेला घातले. प्रकरणे अजून पुरती समजली नव्हती, हे खरे होते. जानेवारीच्या मध्यावर दुसरे कार्ड आले: "या भागात पानापानावर लिहिले आहे की मागे दाखवल्याप्रमाणे. मागचे सगळे तुझ्याकडे आहे. मी उसाच्या फडात कुठे बघू? लवकर पाठव."

तोपर्यंत ज्योतीला ती प्रकरणे समजली होती. वर्गात संकलन सुरू झाले होते आणि त्याच्या वह्या तिने उतरवून घेतल्या होत्या. पहिला भाग आता तिच्या उजळणीपुरता उरला होता. तरीही तो पोस्टात गेला नाही. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, आता पाठवला तर उशिराचे कारण लिहावे लागेल, म्हणून पुढच्या आठवड्यात पाहू, असे ती स्वतःला सांगत राहिली. पार्सल बांधायला लागणारा सुतळीचा तोडा तिने दोनदा काढला आणि दोनदा परत ठेवला. मिनाला काय, ती हुशारच आहे, तिला दहा दिवस पुरतील, हाही विचार तिच्या मनात येई. मनात मुरलेली असूया कौतुकाचे शब्द वापरते, हे तिला पुढे बऱ्याच वर्षांनी कळले.

दोघांत एक पुस्तक देणारी व्यवस्था अपुरी होती, यात शंका नाही. ज्या समाजांनी शाळेचे दार उशिरा पाहिले, त्यांच्या दोन मुलींना एका पुस्तकाच्या दोन टोकांना धरायला लावणे हा अन्यायच होता. परंतु त्या अन्यायाने ज्योतीचा हात धरला नव्हता. व्यवस्थेने पुस्तक अर्धे दिले; कोणता अर्धा भाग कोणाकडे राहील हे तिने ठरवले.

हंगाम लांबला. मिना ११ मार्चला परतली, परीक्षा २४ पासून होती. उसाच्या पात्यांनी तिचे हात कोपरापर्यंत ओरखडले होते. ती सरळ ज्योतीकडे आली आणि पुस्तक का पोचले नाही, एवढेच तिने विचारले.

"पाठवलं होतं ग," ज्योती म्हणाली. "पत्ता सापडला न्हाई म्हणून परत आलं."

 मिनाने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "मीच उलटंपालटं लिहिलं असंल. बाई, त्या फडात डोकंच चालत नव्हतं." खुणेचे कार्ड काढून घेऊन ज्योतीने पहिला भाग तिच्या हाती दिला; परीक्षेला तेरा दिवस उरले होते.

पेपर पन्नास गुणांचे होते, उत्तीर्ण व्हायला अठरा लागत. मिनाला पहिल्यात चौदा मिळाले, दुसऱ्यात सोळा. ज्योतीला चोवीस आणि बावीस. पेमाने भाऊबंदांना दिलेला शब्द मागे घेतला नाही. पुरवणी परीक्षा ऑक्टोबरात होती. मिनाचे लग्न त्याआधी झाले, आणि त्या हिवाळ्यात ती नवऱ्याच्या कोयत्याची दुसरी व्यक्ती म्हणून उसाला गेली.

ज्योती बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली. मधल्या काळात हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. २००३ साली कनेरगाव नाक्याच्या शाळेत ती गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाली. ती चांगली शिकवते असे लोक म्हणतात. पुस्तक नसलेल्या मुलाला ती कधी उभे करत नाही.

जून २००८ मध्ये मिना त्या शाळेत आली. तिची मुलगी पुजा पाचवीत जाणार होती आणि हंगामात मामाकडे राहून शिकणार होती. मुख्याध्यापक उत्तमराव अर्ज भरत होते. आईचे शिक्षण या रकान्याशी ते थांबले, तेव्हा मिनाने बारावी सायन्स सांगितले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि मग पुढे का शिकला नाहीत, असे विचारले.

"शिकले की सर, वरीसभर," मिना म्हणाली. "ह्या तुमच्या खिल्लारे मॅडम आन् मी एका बाकावर होतो. पण ह्यांचं डोकं निराळं. मला पोस्टाचा पत्ता धड लिहिता येत नव्हता, गणित कुठून येनार? लेकराला म्हनलं, तू मॅडमवर जा, माझ्यावर जाऊ नको."

उत्तमराव हसले. पुजाही आईकडे बघून हसली, हे वाक्य तिने घरी अनेकदा ऐकलेले असावे. ज्योती पलीकडच्या टेबलाशी हजेरीपट उघडून बसली होती. तिने मान वर केली. बोलायला जागा होती, वेळ होता, आणि ज्यांनी ऐकायला हवे होते त्या दोघीही, आई आणि मुलगी, तीन हातांवर उभ्या होत्या.

"पुजाचं मी बघते," ती म्हणाली.

तिने ते बघितले. पुजाला तिने वह्या दिल्या, दप्तर दिले, शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास बसवून शिकवले. मिना हंगामाहून परतली की तिच्यासाठी गुळाची ढेप घेऊन येई आणि तुमचे उपकार कसे फेडू म्हणे. ज्योती गूळ ठेवून घेई.

पत्ता बरोबर होता आणि पुस्तक पाठवलेच नव्हते, हे ज्योतीने मिनाला अजून सांगितलेले नाही.