गिलक्यांचा वार

द्रौपदाबाईंच्या आवाजाशिवाय जळगावात मेहरूण तळ्याजवळच्या त्या गल्लीत हळद दळली जात नसे. चाळीसगावकडच्या खेड्यातून त्या लग्न होऊन आल्या, तेव्हा सोबत भांडी चार आणि ओव्या ढीगभर आणल्या, असं त्यांचे यजमान वनाआबा म्हणायचे. ते कौतुक होतं की तक्रार, हे मात्र त्यांनी कधी उघड केलं नाही.

एवढं गाऊनही द्रौपदाबाईंनी स्वतःचा आवाज कधी ऐकला नव्हता. तसं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात जळगावच्या रेडिओ केंद्रात त्यांच्या दळणाच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. काचेपलीकडच्या बाईंनी अंगठा वर करून छान झाल्याचं सांगितलं, आणि द्रौपदाबाई घरी आल्या त्या हीच टोचणी घेऊन. छान म्हणजे कसं? लोक इतकी वर्षं ऐकतात, ते नेमकं काय ऐकतात?

ओव्या एका गुरुवारी रेडिओवर लागणार असल्याचा निरोप आला तेव्हा भाद्रपद उजाडला होता आणि द्रौपदाबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. नळावर शेवाळाला पाय घसरला आणि दिवसभर गल्ली पालथी घालणारी बाई खिडकीपाशी खाटेला खिळली. दुखणं सोसवत होतं, दिवस सोसवत नव्हते. आभाळ सदा भरलेलं, कालचा दिवस आजच्यासारखा, आजचा उद्यासारखा. एकदा सोमवार समजून त्यांनी अख्खा मंगळवार काढला आणि सुनेनं चूक दाखवली तेव्हा त्या घाबरल्याच. असंच चाललं तर ओव्यांचा गुरुवार यायचा आणि आपल्याला न कळता निघून जायचा.

मग त्यांनी वारांना चवी लावून दिल्या. सोमवारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. बुधवारी शेवभाजी. गुरुवारी बेसनाच्या पाटोड्या, शुक्रवारी गिलकी म्हणजे घोसाळी, शनिवारी उडदाची डाळ. ताट समोर आलं की वार कळायचा. सून बेबाबाई म्हणायची, लोकांचं पंचांग भिंतीवर टांगलेलं असतं, आमच्या सासूबाईंचं चुलीवर शिजतं. मुलगा सुकदेव तर इतका सरावला की कारखान्यात साहेबांकडे त्यानं गिलक्यांच्या दिवशी सुट्टी मागितली आणि सगळा कारखाना हसला.

ती सुट्टी होती वनाआबांच्या भाचीच्या साखरपुड्याची. साखरपुडा शिरपूरला, शुक्रवारी सकाळी. म्हणजे घरच्या सगळ्यांनी निघायचं गुरुवारीच, नेमक्या ओव्यांच्या दिवशी. वनाआबा राहतो म्हणाले, पण द्रौपदाबाईंनीच त्यांना लावून दिलं. मामाशिवाय साखरपुडा कसा व्हायचा? शेजारची शेवंताबाई होतीच, जेवणखाण ती बघणार होती आणि रात्री सोबतीला झोपणार होती. निघण्याआधी आबांनी रेडिओत नवे सेल घातले, काटा जळगाव केंद्रावर आणून ठेवला आणि तो खाटेजवळच्या स्टुलावर मांडला. द्रौपदाबाईंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

ओव्या संध्याकाळी सहाला लागणार होत्या. दुपारी बेबाबाईनं करून ठेवलेल्या पाटोड्या खाल्ल्या, आणि तेवढ्या वेळी पायानं गोंधळ घालू नये म्हणून त्यांनी डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळीही घेतली. थोडं पडू म्हणाल्या.

जाग आली तेव्हा खिडकीत राखाडी उजेड होता. घड्याळ पावणेसहा दाखवत होतं. चिमण्यांची कलकल, चुलींचा धूर, कुठंतरी बादली आदळल्याचा आवाज. द्रौपदाबाईंनी समाधानानं रेडिओकडे हात लांबवला, तर बोटांना उशाशी ठेवलेली एक वाटी लागली. वर झाकण होतं. झाकण उघडलं.

आत गिलक्यांची भाजी होती.

गिलकी म्हणजे शुक्रवार. म्हणजे ही पहाट. त्या गोळीनं आपल्याला संध्याकाळ आणि रात्र दोन्ही गिळून झोपवलं. त्या घड्याळाकडे पुन्हा पाहू लागल्या, पण सकाळचे पावणेसहा की संध्याकाळचे, हे सांगायची अक्कल घड्याळाला नसते. शेवंताबाई सोबतीला येऊन, निजून, पाणी भरायला परत गेली असणार. ओव्या तिनं ऐकल्या असतील. गाढ झोपल्यात बिचाऱ्या, म्हणून उठवलं नसेल. गल्लीनं ऐकल्या, शिरपूरच्या पाहुण्यांनी ऐकल्या. सगळ्यांनी ऐकल्या, ज्यांना ऐकायची काही घाई नव्हती.

रडू येईना, रागच आला. शेवंताचा, गोळीचा, स्वतःच्या शहाणपणाचा. त्यांनी वाटी दूर सारली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

तेवढ्यात घंटांचा किणकिणाट जवळ आला. उखर्डू गवळ्याच्या म्हशी गल्लीतून चालल्या होत्या. एक म्हैस रोजच्याप्रमाणे खिडकीखालच्या कोपऱ्याला अंग घासू लागली आणि उखर्डू तिला तिच्या आईवरून काहीतरी बोलला. द्रौपदाबाईंनी रोजच्या सवयीनं मान वळवली. म्हशीच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. शिंगात पाणवेल अडकली होती. भिंतीवर काळ्या चिखलाचा ताजा पट्टा उमटला होता, तळ्याचा वास मारणारा.

त्या बघतच राहिल्या. म्हशी तळ्यावर जातात कोरड्या. येतात ओल्या. आणि येतात ते सांजेच्या धारांना.

त्या एवढ्या झटक्यानं उठून बसल्या की प्लास्टर खाटेच्या दांडीवर आपटलं. दुखलं की नाही, हेही त्यांना कळलं नाही. घड्याळात सहाला पाच कमी. त्यांनी रेडिओचं बटण फिरवलं. त्याच वेळी दारातून शेवंताबाई आत आली, मागून गल्लीतल्या चार-पाच जणी.

द्रौपदाबाईंनी विचारलं, "शेवंता, आज कोणता वार शे?"

"गुरुवार शे ना अक्का. कोणता राहणार?"

"मग हाई गिलकी?"

शेवंताबाई गोंधळली. आमच्याकडे आज गिलकी केली, अक्का झोपलेल्या होत्या म्हणून वाटी ठेवून गेले, असं ती सांगू लागली. आपण काय पाप केलं ते तिला कळेना, कारण अक्का हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या आणि हातानं सगळ्यांना गप्प राहायला सांगत होत्या.

निवेदकानं नाव घेतलं. मग खोलीत एक आवाज आला.

*दयता दयता वं माय, उजाडनं तुन्हा दारी...*

द्रौपदाबाईंना वाटलं होतं त्याहून तो बारीक होता. थोडा खरखरीत, ओवी संपताना किंचित चढणारा. बाहेर संध्याकाळ काळवंडत होती आणि रेडिओतली ती बाई दळता दळता पहाट झाल्याचं सांगत होती, असं ठासून की कुणीही विश्वास ठेवावा. द्रौपदाबाईंनी ठेवला. दुसऱ्या ओवीला त्यांची बोटं प्लास्टरवर ठेका धरू लागली. तिसऱ्या ओवीला त्या हळूच सोबत गुणगुणल्या, अनोळखी बाईशी ओळख काढावी तशा.

ओव्या संपल्या. मग द्रौपदाबाईंनी वाटी जवळ ओढली आणि गिलकी खायला घेतली. शेवंताबाईनं हळूच विचारलं, उद्या आता तुम्हाला काय आणून देऊ?

"काहीबी आन," त्या घास घेत म्हणाल्या. "उद्याचा वार चुकला तरी चालीन."