वहिनीची जमानत

आमच्या शेजाऱ्याची एक खोड होती आणि ती मला बिलकुल आवडत नसे. हुंगल्याशिवाय तो काही तोंडात घालत नसे. गोरेगावच्या बाजारात गुळाचा खडा हुंगायचा, लग्नाच्या पंगतीतही आधी पत्रावळीवर वाकायचा. कोणी हसलं तर म्हणायचा, "माणूस खोटा बोलते. वास नाही बोलत."

तो शेतावर असताना त्याचा मोठा भाऊ घरी पेज पिऊन मेला. पेजेत विष निघालं, आणि पोलिसांनी भावजयीला नेलं. खुनाच्या आरोपात कोणी सुटत नाही, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण वकील म्हणाला, कायद्यात सवलत आहे, आरोपी बाई असेल तर कोर्टाचे साहेब सोडू शकतात, फक्त जामीन राहणारा पाहिजे. तिच्या माहेरचेसुद्धा पुढे आले नाहीत. राहिला तो हाच, मेलेल्याचा सख्खा भाऊ.

"जमानत काऊन घेतली गा?" मी विचारलं.

"फैसला व्हाचा आहे अजून," तो म्हणाला.

ती घरी आली त्या दुपारी त्याच्या कुंपणाशी सारं गाव जमलं. बायांनी आपापली पोरं मागे ओढून धरली. तिने चूल पेटवली, तरी कोणी हललं नाही. तो अंगणाच्या मधोमध मांडी घालून बसला.

"वहिनी, पेज आण."

तिने कटोरा त्याच्यापुढे ठेवला. मी त्याच्या नाकाकडे पाहत राहिलो.

त्याने एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, कटोरा उचलला आणि न हुंगता तोंडाला लावला.