चार बोटांचे ठसे

आमच्या ताईला सगळी गल्ली 'हात धू बाई' म्हणते. गाड्यांचे टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारे पंप, आणि सायलेन्सर यांच्यावर ती उष्णता सोसणारं कोटिंग करते. वाळूचा मारा करून लोखंड उघडं केलं की त्याला कुणी नुसत्या हातानं शिवायचं नाही, हा तिचा कायदा. बोटाचं तेल लागलं की इंजिन तापल्यावर कोटिंग नेमकं तिथूनच सुटतं. कोटिंग भाजायच्या भट्टीच्या खोलीत ती मला, सख्ख्या भावाला, चोरासारखं वागवते. त्याच भट्टीनं पूर्वी तिच्या उजव्या हाताची बोटं भाजली, मधलं तर अर्धंच राहिलं.

त्या सकाळी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा फोन आला. तीन दिवसांपूर्वी बसवलेल्या टर्बोचं कोटिंग सुटलं होतं, शेजारची वायर वितळायला आली होती. सतरा वर्षांत ताईचं एकही काम परत आलं नव्हतं. गाडी येईपर्यंत तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या, दार ते भट्टी, भट्टी ते दार. चहा गार झाला, पुन्हा केला, तोही गार झाला. मध्येच माझ्यासमोर थांबून म्हणाली, "खरं सांग, तू हात लावलास ना?"

"शपथ ताई, नाही लावला."

"मग काय भुतानं लावला? पेशंट आत असताना गाडी पेटली असती म्हणजे?"

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी तणतणत बाहेर गेलो, पण तिथंही पाय ठरेनात.

गाडी आली. इंजिन निवल्यावर ड्रायव्हरनं टर्बोचं कवच उतरवलं. करड्या कोटिंगवर चार पोपडे ओळीनं, त्यातला एक अर्धाच.

"ठेव हात," ताई म्हणाली.

ठेवला. माझी बोटं पार पुढे गेली. मग तिनं स्वतःचा उजवा हात टेकवला आणि तो चपखल बसला.

"जाऊ द्या, होतं एखाद्या वेळी," ड्रायव्हर पुटपुटला.

ताईनं ते काम केलेल्या दिवशीचे हातमोजे शोधून आणले. उजव्याची बोटं तळव्याच्या बाजूनं विरून फाटली होती. भाजल्यापासून त्या बोटांना काही जाणवत नाही, हे तिनं तेव्हा पहिल्यांदाच सांगितलं. मला फार वाईट वाटलं, आणि सकाळच्या रागाची लाजही वाटली.

कवच पुन्हा वाळूच्या माऱ्याखाली गेलं. ताईनं नवे मोजे चढवले आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

"बघ रे, कुठं फाटलेत का? मला कळत नाही."